आतल्या सगळ्याजणींचे मनापासून आभार

माझी ताई महिला कारागृहात होती तेव्हा तिला ज्यांनी सांभाळलं त्यांची नावं मला माहीत नाहीत, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही. बराकीतल्या त्या मावशी, नळाला पाणी आलं की आधी ताईची बादली भरून ठेवायच्या कारण तिच्या कडेवर बाळ असायचं. रात्रपाळीच्या शिपाई मॅडम, बाळ तापानं फणफणलं तेव्हा डॉक्टर येईपर्यंत दारातून हलल्या नाहीत. आणि पॅड आणून देणाऱ्या संस्थेच्या मुली! संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या, महिला कैद्यांसाठीच्या बँकॉक नियमांत पॅड मोफत आणि पाणी नियमित मिळायला हवं असं स्पष्ट लिहिलंय, पण ताईच्या हातात ते पडलं ते या पोरींमुळेच. मुलाखतीच्या खिडकीशी आईला फॉर्म भरून देणारे काका, तुमचेही खूप खूप आभार.