पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अकरावीच्या वर्गात दर वर्षी मी विचारते, पेशीत काय काय असतं? केंद्रक, तंतुकणिका... मुलं धडाधड नावं सांगतात. ‘आणि हे सगळं कशाच्या आधारानं राहतं?’ म्हटलं की वर्ग गप्प. भिंतीवरच्या तक्त्यात सगळं पाण्यात तरंगताना दिसतं, मुलांचा काय दोष!

पेशीला सांगाडा असतो. त्यातला सर्वांत बारीक धागा ॲक्टिन या प्रथिनाचा, जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचा. माझ्या माहेरी यंत्रमाग होता. ताण्याचा धागा तुटला की आजी माग थांबवून गाठ मारायची. पेशीतलं विणकाम मात्र सुरू असतानाच उसवत असतं. कोफिलिन हे प्रथिन जुने धागे तोडतं आणि सुटलेले कण नव्या धाग्यांना लागतात.

अवघड असते ती सुरुवात. ॲक्टिनचे दोन-तीन कण जवळ आले तरी टिकत नाहीत, लगेच सुटतात. त्यांना धरून ठेवणारे प्रथिनांचे संच असतात. आर्प २/३ हा त्यांतला एक, सात प्रथिनांचा (सात म्हटलं की आम्हा सोलापूरकरांना सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज आठवतात). तो जुन्या धाग्याच्या कडेला बसतो आणि तिथून सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फुटते. फांद्यांचं हे जाळं पेशीची कड पुढे रेटतं, म्हणून पांढरी पेशी जंतूच्या मागे धावू शकते. सरळ, बिनफांदीचे धागे फॉर्मिन नावाची प्रथिनं सुरू करतात.

आर्प २/३ हा संच १९९४ मध्ये एका अमिबात सापडला. त्याच वर्षी विस्कॉट-आल्ड्रिच या आजाराचं जनुकही सापडलं. या आजारात मुलग्यांना इसब होतो, वारंवार संसर्ग होतो, रक्त लवकर थांबत नाही. त्या जनुकापासून बनणारं वास्प हे प्रथिनच रक्तपेशींत आर्प २/३ ला कामाला लावतं, हे उमगायला आणखी चार-पाच वर्षं गेली. अमिबा आणि आजारी बाळ एका धाग्यानं जोडलेले! हे सांगितलं त्या दिवशी मागच्या बाकावरची मुलंही तास संपल्यावर थांबली होती.

आपल्या रविवारच्या पुरवणीत यावर मराठीत एक सचित्र चौकट द्यावी, ही कळकळीची विनंती. चित्रात धाग्यांना फांद्या दाखवायला मात्र विसरू नका. कात्रण मी त्या तक्त्याशेजारीच लावणार आहे.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका, सोलापूर