डिस्चार्ज मिळाला, पुढे काय?

महोदय,

एप्रिल २०२१ मध्ये माझे थोरले भाऊ कोरोनामुळे १८ दिवस ऑक्सिजनवर होते. वाचले, पण ऊसतोडीचा कोयता सुटला तो सुटलाच. आजही विहिरीवरून घरी येईपर्यंत दोनदा टेकतात. स्टेरॉईडच्या दिवसांत वाढलेली साखर पुन्हा उतरली नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘फॉलोअप’ असा शब्द होता. कुठे, कोणाकडे, ते नव्हतं. गावात विचारलं तर उत्तर एकच, ‘कोरोना गेला की आता!’

अशा रुग्णांच्या फुप्फुसांची तपासणी फार खर्चाची नाही. सहा मिनिटं सपाट जागेवर चालवायचं, आधी आणि नंतर बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. त्या काळात वाटलेले ऑक्सिमीटर कुठल्या तरी कपाटात असतीलच. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस ही तपासणी, रक्तातली साखर आणि श्वसनाचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट एवढं मिळालं तरी केज-धारूरच्या माणसाला मजुरी बुडवून अंबाजोगाई किंवा लातूर गाठावं लागणार नाही.

कोरोनानंतर झालेल्या म्युकरमध्ये, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजारात, जबडा काढावा लागलेल्यांची गत तर याहून वाईट. कृत्रिम जबड्याअभावी कित्येकांना भाकरी कुस्करून गिळावी लागते. त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयात दंतशिबिर घ्यावं, ही विनंती.

— एक वाचक, केज (जि. बीड)