चौदाव्या वर्षाची नोंदणी आणि पोपची पारख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्यावरील कालच्या लेखात त्यांच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीला जेमतेम दोन परिच्छेद मिळाले आणि उरलेली सारी जागा ‘हिटलर यूथ’ या नाझी युवक संघटनेने व्यापली. हे सदस्यत्व कोणत्या वयात आणि कोणत्या कायद्याखाली आले, हे सांगण्याची तसदी लेखकाने घेतलेली नाही. मार्च १९३९ च्या आदेशानंतर जर्मनीत दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना या संघटनेत जाणे सक्तीचे होते. योझेफ रात्सिंगर (बेनेडिक्ट यांचे मूळ नाव) यांचे नाव १९४१ मध्ये, चौदाव्या वर्षी, नोंदवले गेले. त्याच वर्षी त्यांच्या नात्यातला, डाउन सिंड्रोम असलेला त्याच वयाचा एक मुलगा नाझींनी उचलून नेऊन मारला. ज्या राजवटीने एका घरातल्या एका मुलाचे नाव यादीत घातले आणि दुसऱ्याला ठार केले, तिचा जाब आपण त्या पहिल्या मुलाला विचारावा, हे मला पटत नाही.

मी वसईचा कॅथलिक आणि निवृत्त इतिहास शिक्षक आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी पोपमहोदयांचे निधन झाले, तेव्हा आम्हा निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात तरुण रात्सिंगर यांचे हात उंचावलेले छायाचित्र फिरू लागले आणि खाली ‘हिटलरला सलामी’ असे लिहिलेले होते. मूळ छायाचित्रात दोन्ही हात उंचावलेले आहेत, अंगावर याजकाची वस्त्रे आहेत आणि ते आशीर्वाद देत आहेत. कोणीतरी एक हात कापून टाकला होता. त्यांची गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा विधी) २९ जून १९५१ ची, म्हणजे हिटलर मरून सहा वर्षे झाल्यानंतरची. मी अखंड छायाचित्र गटावर पाठवले, तेव्हा ज्यांच्याबरोबर मी एका शिक्षक-खोलीत आयुष्य काढले त्या एका सहकाऱ्यांनी उत्तर दिले की ‘तुम्हा लोकांना तुमचा पोप निर्दोषच वाटणार.’ तारीख आणि पुरावा दोन्ही समोर असताना माझा धर्म तेवढा त्यांना दिसला, याचे दुःख अजून ओसरलेले नाही. कालच्या लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘नाझी गणवेशातील भावी पोप’ हे शब्द वाचले आणि ते पुन्हा उफाळून आले. तो गणवेश विमानविरोधी तोफांवरच्या मदतनिसांचा आहे. १९४३ मध्ये सोळाव्या वर्षी त्यांना सेमिनरीतल्या (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातल्या) सोबत्यांसह त्या कामावर धाडले गेले होते.

त्या काळातही नकार देणारे होते, हे मला मान्य आहे. फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याने हिटलरसाठी लढण्यास नकार दिला आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. मात्र तो छत्तीस वर्षांचा, संसारी, विचार करून उभा राहिलेला माणूस होता आणि २००७ मध्ये त्याला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले गेले ते बेनेडिक्ट यांच्याच काळात. उलट, पोलंडमधील वॉर्साचे नियुक्त आर्चबिशप स्तानिस्लाव व्हिएल्गुस यांना जानेवारी २००७ मध्ये पद सोडावे लागले, कारण कम्युनिस्ट राजवटीच्या गुप्त पोलिसांशी त्यांचे संबंध होते आणि ते प्रौढपणीचे होते. तिथे जाब मागणे रास्तच होते.

धर्मगुरूला प्रश्न विचारूच नयेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. २००६ मध्ये आउशविट्झच्या नाझी छळछावणीला गेल्यावर बेनेडिक्ट यांनी जर्मन जनतेवर सत्ता मिळवणाऱ्या गुन्हेगारांच्या टोळीकडे बोट दाखवले आणि जनतेच्या स्वतःच्या सहभागाविषयी ते पुरेसे बोलले नाहीत, ही टीका मला आजही योग्य वाटते. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी ज्या चार बिशपांवरील बहिष्कार उठवला, त्यांपैकी रिचर्ड विल्यमसन विषारी वायूने झालेल्या ज्यूंच्या हत्या नाकारत होते. त्या हाताळणीत चूक झाल्याचे पोपमहोदयांना पुढे जगभरच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात मान्य करावे लागले. हे निर्णय स्वतंत्र, सत्ताधारी, वृद्ध माणसाचे आहेत. आपल्या लेखात त्यांचा उल्लेखही नाही.

जाता जाता आणखी एक. त्या कापलेल्या छायाचित्राविषयी मी जानेवारी २०२३ मध्येही आपल्याला पत्र पाठवले होते; ते छापले गेले नाही आणि पोचही मिळाली नाही. या वेळी निदान छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती, लेख ज्या पानावर आला त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरात छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वसई