ओम रात्री झोपतो का?

चि. मेघनास,
अनेक आशीर्वाद.

ओमच्या पाठीच्या सीटीचे फोटो मिळाले. एमआरआयच्या रिपोर्टातला ‘ट्यूमर’ वाचून तू रात्रभर रडलीस, असं सुनील म्हणाला. अगं, एमआरआयमध्ये अशा गाठीभोवतीची सूजच इतकी उजळते की मूळ गाठ तिच्यात हरवते. मग रिपोर्ट लिहिणाऱ्याला सगळ्याच शक्यता लिहाव्या लागतात. सीटीच्या पातळ कापांत ती नेमकी सापडली. कमरेचा तिसरा मणका, मागची कमान, डावी बाजू. 8 मिलिमीटरचा काळसर ठिपका, मधोमध पांढरा कण, भोवती घट्ट पांढरं हाड. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, म्हणजे हाडातली छोटी, साधी गाठ. दीड-दोन सेंटीमीटरच्या वर असती तर ऑस्टिओब्लास्टोमा म्हटलं असतं, ती तशीच पण मोठी गाठ, वाढत जाते. ही तशी नाही, आणि हिचा कॅन्सर होत नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. जॅफींनी 1935 सालीच ही गाठ वेगळी ओळखली होती, म्हणजे डॉक्टरांना ती नवी नाही.

रात्री झोपतो का तो? फोनवर तेवढं सोडून सगळं सांगतेस.

त्याची पाठदुखी सगळे दप्तराच्या ओझ्यावर ढकलत होते, तू मात्र हट्टाने तपासायला नेलंस. मला अभिमान वाटला. मुलांचा कण्याचा बाक सहसा दुखत नाही. दुखला तर कारण शोधावंच लागतं. त्याचा बाक गाठीच्या बाजूलाच आत वळलाय, हाडाने खूणच दिली होती. आमच्या वेळी साध्या फिल्मवर ही गाठ बहुधा निसटायची. पेडिकल, म्हणजे मणक्याला मागच्या कमानीशी जोडणारा खांब, एका बाजूला जरा जास्त पांढरा दिसला की सर फिल्म खिडकीपाशी नेत. तू डार्करूमच्या लाल दिव्यात माझा शर्ट धरून उभी असायचीस, आठवतं? फिल्म धुऊन होईपर्यंत हलायची नाहीस.

आता सारखे सीटी काढू नका, लहान अंग आहे. गाठ सुईने जाळायची की ऑपरेशन, ते नस किती जवळ आहे त्यावर ठरेल. मुलांचा कणा बघणाऱ्या सर्जनला विचारा. मात्र फार लांबवू नका, वेळेत काढली तर बाक बहुधा सुटतो. दुखण्याची गोळी उपाशीपोटी देऊ नकोस. बघ, परत शिकवायला लागलो. रागावू नकोस, बाळा.

पण गोळी दिल्यावर तरी झोपतो ना?

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. मी ओमजवळ झोपेन, तू आतल्या खोलीत झोप. तोवर गोळी किती वाजता दिली आणि दुखणं कधी थांबलं, हे वहीत लिहून ठेव. डॉक्टर विचारतील.

तुझे,
बाबा