कॅराव्हॅनचं सांडपाणी कुठं सोडायचं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कॅराव्हॅन पर्यटनावरचा लेख इथे मिनेसोटात बसून ई-पेपरवर वाचला. सोबतच्या फोटोत बसच्या लांबीची गाडी, आत चामडी सोफा, मोठा टीव्ही, शॉवर. एका रात्रीचं भाडं बघून आमच्या ह्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं, त्याची आठवण लेखात करून दिलीत हे बरं झालं. पण लेख वाचून कुणाचाही समज असाच होईल की कॅराव्हॅन म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्याने मिळणारी श्रीमंतांची चैन. या गोष्टीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो आपल्याकडच्या रस्त्यांना, पावसाला आणि मध्यमवर्गीय खिशाला जास्त मानवेल असं मला वाटतं. लेखात त्यावर एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र.

मी मूळची मिरजेची. इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्याकडे फायबरग्लासचा सोळा फुटी ट्रेलर आहे, स्कॅम्प नावाचा. त्याला स्वतःचं इंजिन नाही. एरवी किराणा आणायला वापरतो त्याच गाडीमागे तो जोडायचा, मुक्कामाला पोचलं की सोडवून ठेवायचा आणि गाडी घेऊन हिंडायला मोकळं. आत दोन शेगड्या, छोटा फ्रिज, बेसिन, टेबल आणि बाक. रात्री टेबल खाली उतरवून त्यावर गाद्या मांडल्या की पलंग तयार. कोपऱ्यात एक संडास-बाथरूम आहे, त्यात वळायचं असेल तर आधी विचार करावा लागतो. उभं राहायला जेमतेम सव्वासहा फूट, रुंदी सात फुटांच्या आत. आमच्या घाटातल्या एसटीपेक्षा कमीच.

हे ट्रेलर आमच्याच राज्याच्या उत्तरेला, बॅकस नावाच्या चिमुकल्या गावात १९७०च्या दशकापासून बनतात. २००६ मध्ये कारखान्याला आग लागली, तो पुन्हा उभा राहिला. मूळ कल्पना मात्र शेजारच्या कॅनडातली. विनिपेगच्या रे ओलेको यांनी १९६८ मध्ये बोलर नावाचा तेरा फुटी ट्रेलर बाजारात आणला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी बनवली होती. म्हणजे या गाड्यांचं सांडपाण्याशी नातं पहिल्यापासूनचं आहे, आणि माझ्या पत्राचा मुद्दाही शेवटी तिथेच येणार आहे.

या ट्रेलरची रचना समजून घेण्यासारखी आहे. साच्यात काचतंतू आणि रेझिनचे थर देऊन वरचं आणि खालचं अशी दोन कवचं काढतात आणि करंजीची कड जुळवावी तशी मध्यावर जुळवून टाकतात. बस्स. इतर बहुतेक ट्रेलरमध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो, वरून पत्रा किंवा पातळ तक्ते, आणि छताच्या कडेला लांबच लांब सांधे. त्या सांध्यांवरची लुकण दोन-चार उन्हाळ्यांत तडकते, पाणी आत शिरतं, लाकूड आतल्या आत कुजत राहतं आणि मालकाला पत्ता लागतो तेव्हा भिंतीत बोट जात असतं. फायबरच्या ट्रेलरला छतावर सांधाच नाही. गळलाच तर खिडकीच्या रबरातून, छतावरच्या झरोक्यातून किंवा एखाद्या रिव्हेटमधून गळणार, आणि ते शोधून बुजवणं घरच्या घरी जमतं. पन्नास वर्षांपूर्वीचे बोलर इथे अजून रस्त्यावर दिसतात. चांगल्या अवस्थेतला एखादा विकायला निघाला की लोक दुसऱ्या राज्यातून गाडी हाकत घ्यायला येतात.

आता मला सांगा, जून ते सप्टेंबर ज्या कोकणात पाऊस धो-धो कोसळतो, तिथे लाकूड-पत्र्याची कॅराव्हॅन बरी की सांधा नसलेली फायबरची? बरं, फायबरचं काम आपल्याला नवीन आहे असंही नाही. रत्नागिरी-मालवणकडे मासेमारीच्या फायबरच्या होड्या वर्षानुवर्षं बनताहेत. साचा, जेलकोट, चटई, रेझिन हे शब्द तिथल्या कारागिराच्या तोंडी आहेत. जो माणूस खाऱ्या पाण्यात टिकणारी होडी ओततो, त्याला रस्त्यावर टिकणारं कवच ओतणं अवघड नाही. सांगाडा, आस आणि चाकं करायला आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कारखाने आहेतच. उसाच्या ट्रॉल्या काय आभाळातून पडतात?

ट्रॉलीवरून आठवलं. "गाडीमागे काही जोडून चालवणं आपल्या लोकांना जमणार नाही," असं मला एका नातेवाइकाने ऐकवलं. अहो, गळीत हंगामात कारखान्यावर जाऊन बघा. विशी न ओलांडलेली पोरं भरली ट्रॉली मागे घेत नेमकी जागेवर लावतात. मला ही विद्या इथे येऊन शिकावी लागली. स्टिअरिंग वरून न धरता खाली, सहाच्या काट्यावर धरायचं. मग ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे न्यायचा असेल तर हात डावीकडे, उजवीकडे न्यायचा असेल तर उजवीकडे. आणि सगळं हळू. लहान ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा पटकन वळतो, त्यामुळे मागे घेताना तोच जास्त छळतो. आमच्या घरी हे काम माझ्याकडे आहे. हे मागे उभे राहून हातवारे करतात, ते मी बघत नाही.

वजनाचं गणित मात्र पाठच हवं. आमचा ट्रेलर सामानासकट अकराशे-बाराशे किलोच्या घरात जातो. गाडीच्या पुस्तकात किती ओढता येईल तो आकडा दिलेला असतो, तो ओलांडायचा नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे, गाडीच्या हुकावर यायला हवा. पाण्याचे कॅन आणि तांदळाची पिशवी मागच्या कोपऱ्यात ठोसलीत तर पुढचा भार कमी होतो आणि हमरस्त्यावर वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. असे उलटलेले ट्रेलर इथे रस्त्याकडेला पाहिलेत. म्हणून जड सामान आसाच्या आसपास आणि खाली ठेवायचं, साखळ्या हुकाखाली फुलीसारख्या अडकवायच्या, ट्रेलरच्या ब्रेकची वायर लावायची, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून मागचे दिवे लागतात का ते बघायचं, आणि मगच चहा. हा क्रम मी कुणालाही मोडू देत नाही.

सगळं गोड आहे असं नाही. आमच्या ट्रेलरला आतून केसाळ गालिच्यासारखं अस्तर आहे. एकदा आत लसणाची फोडणी केली की पुढचे आठ दिवस उशीलाही वास. शिवाय जमिनीलगत गॅस ओळखणारं यंत्र बसवलेलं असतं (एलपीजी हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते), आणि वर धुराचं दुसरं. ठेचा परतायला घेतला की वरचं बोंबलतं. त्यामुळे फोडण्या बाहेर, बाकड्यावर वेगळी शेगडी मांडून. पिठलं मात्र आत होतं. थंडीच्या रात्री दोन माणसांच्या श्वासानेच खिडक्या ओघळायला लागतात, म्हणून कितीही गारठा असला तरी छताचा झरोका बोटभर उघडा ठेवायचा. आणि ऑक्टोबरात नळ्यांतलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरायचं, नाहीतर इथल्या थंडीत नळ्या फुटतात. हा शेवटचा त्रास तुम्हाला नाही. तुम्हाला त्रास मे महिन्याचा. फायबरचं कवच उन्हात तापतं, सावली आणि वारा नसेल तर दुपारी आत बसवत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी हा ट्रेलर मी कुणाला सुचवणार नाही.

आता मुख्य मुद्दा. अशा ट्रेलरमधलं आमचं फिरणं चालतं ते ट्रेलरमुळे कमी आणि मुक्कामाच्या जागांमुळे जास्त. इथल्या सरकारी उद्यानांत, उदाहरणार्थ मिसिसिपी जिथे उगम पावते त्या इटास्कात, झाडाझुडपात आखलेल्या जागा असतात. सपाट केलेली जमीन, एक बाकडं, लोखंडी कडं घातलेली चूल, काही जागांना विजेचा खांब. पिण्याच्या पाण्याचा नळ चालत जाण्याच्या अंतरावर. रात्री दहानंतर आवाज बंद. जळाऊ लाकूडसुद्धा लांबून आणू देत नाहीत, त्यातून झाडांचे किडे पसरतात म्हणून. आणि सांडपाणी रिकामं करायचं ठिकाण. सिमेंटचा मधे उतरता चौथरा, मधोमध झाकण लावलेलं भोक, खाली टाकी, शेजारी धुण्याच्या पाण्याचा वेगळा नळ आणि त्यावर 'पिऊ नये' अशी पाटी. जाड नळी जोडायची, आधी संडासाच्या टाकीची झडप उघडायची, मग बेसिनच्या पाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप खंगाळली जाते. हातमोजे घालून पाच-दहा मिनिटांचं काम. ते आमच्या ह्यांच्याकडे आहे, हातवाऱ्यांची भरपाई म्हणून.

गेल्या हिवाळ्यात मिरजेला आले होते तेव्हा भाच्याने हौसेने भाड्याची कॅराव्हॅन घेतली आणि आम्ही कोकणात उतरलो. गाडी छान होती, ड्रायव्हर भला माणूस होता. मुक्काम एका रिसॉर्टच्या वाहनतळावर, दोन टुरिस्ट बसच्या मधे. वीज स्वयंपाकघरातून ओढलेल्या वायरने. दुसऱ्या दिवशी मी सवयीने विचारलं, "टाकी कुठं रिकामी करता?" तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "काकू, बघतो की रात्री कुठंतरी." हे 'कुठंतरी' म्हणजे ओढा, नाहीतर समुद्र. त्याला दोष देऊन काय उपयोग? त्याला जागाच कुणी दिलेली नाही.

धोरणात गाड्यांसोबत कॅराव्हॅन पार्कांचाही विचार आहे. पण चर्चा आणि फोटो सगळे गाड्यांचेच. गाडी खासगी माणूस घेईल, बनवील, भाड्याने देईल. चौथरा, टाकी, नळ आणि मैला उपसणारी गाडी ठरल्या दिवशी येण्याची व्यवस्था मात्र सरकारला नाहीतर ग्रामपंचायतीलाच करावी लागेल. एखादं सार्वजनिक शौचालय बांधण्यापेक्षा हे काम मोठं नाही. जागेचं भाडं ग्रामपंचायतीला मिळालं तर गावकरीही ती जागा सांभाळतील. आंबोलीसारख्या ठिकाणी चार-सहा ट्रेलरपुरती सपाट जागा आणि शेजारी घरगुती जेवण मिळालं तर आणखी काय हवं? जोडीला, सामान्य माणसाला गाडीला हुक बसवण्याची आणि छोट्या ट्रेलरच्या नोंदणीची कामं आरटीओत एका खिडकीवर, एजंटाविना करता यायला हवीत. नाहीतर फायबरचा ट्रेलर मालवणात ओतला तरी तो अंगणातच राहील.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी कॅराव्हॅनवर लिहिताना गाडीच्या आत शिरण्याआधी तिच्या मागे जाऊन बघावं, नळी कुठे जाते ते. सोबत इथल्या सांडपाण्याच्या चौथऱ्याचा मीच काढलेला फोटो पाठवते आहे. दिसायला काही खास नाही, पण जागा असेल तर छापावा.

आपली,
एक नियमित वाचक
मिनेसोटा, अमेरिका (मूळ गाव मिरज)