मोडीत घालायच्या आधी भांड्यावरचं नाव वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीची आवराआवर सुरू झालीय आणि भांडी बाजारात मोड घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढायला लागलीय. परवा सराफ बाजारातून येताना एका दुकानाच्या पायरीवर गोणपाटावर फुलपात्रं, तांबे, वाट्या, पितळ्या असा ढीगच ओतलेला दिसला, आणि अगदी वरच्या वाटीवर कोरलेलं नाव मला चालता चालता वाचता आलं. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

गेल्या वर्षी मी पण हेच केलं. पंचवटीतला वाडा बिल्डरला दिला, फ्लॅटमधे माळा नाही, मग सासूबाईंची सगळी भांडी दोन पोत्यात भरली आणि किलोवर देऊन आले. दुकानदाराने सगळं पितळ म्हणून एकाच काट्यावर घातलं. आदल्या दिवशी नातीने सहज मोबाईलवर फोटो काढले होते, ते तिने चार दिवसांनी मोठे करून दाखवले तर एका तांब्याच्या गळ्याखाली टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं, शेवटी सिन्नर आणि माघ शके १८४६. आतेसासूबाईंना फोटो पाठवला तर त्या फोनवर रडायलाच लागल्या, कारण ते त्यांच्या आईचं, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंचं माहेरचं नाव. लग्नात नाव बदललं, पुढे रेशनकार्डावर, जमिनीच्या कागदावर सगळीकडे सासरचंच लागलं, आमच्या घरात ते पहिलं नाव कुणालाच माहीत नव्हतं, माझ्या मिस्टरांना पण नाही. ते फक्त त्या तांब्यावर होतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले, पण माल केव्हाच टेम्पोत गेलेला, काही भट्टीला आणि काही जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाकडे, एवढंच कळलं.

तेव्हापासून वर्षभर मी हेच शिकतेय, तांबट लेनमधे जाऊन बसते, विचारते, घरोघरी जाऊन भांडी बघते. शक्याचं आधी सांगते कारण त्यात बरेच जण चुकतात. शक्यात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण वर्ष चैत्रात बदलतं म्हणून पौषाच्या अखेरीपासून फाल्गुनापर्यंतचा महिना कोरलेला असेल तर बहुतेक वेळा ७९ धरावे लागतात. माघ शके १८४६ म्हणजे १९२५. काही भांड्यांवर मोडी लिपीत नाव असतं, ते नक्षी समजून लोक सोडून देतात, तसं करू नका, मोडी वाचणारी माणसं आहेत आपल्याकडे.

मग धातू. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२ असं प्रमाण. रंगाने पटकन फरक कळत नाही, विशेषतः माळ्यावर काळं पडलेलं असेल तर, पण बोटांवर तोलून कडेला टिचकी मारली की कासं लांबवर वाजत राहतं आणि पितळ लगेच गप्प होतं. पितळेला पोचा येतो, कासं हातातून पडलं तर तडकतं नाहीतर फुटतं. ज्या वाटीने आजी तूप लावून तळपाय घासायची ती काशाची, तिच्या शेजारी ताट ठेवून बघा, बरेचदा जोड लागतो. पितळेत ताक कळकतं म्हणून त्याला कल्हई लागायची, आतून पांढुरका थर राहिलेला असेल तर तो कल्हईचा. आणि कथील महाग, त्यामुळे कासं पितळेपेक्षा चांगलंच महाग जातं! माझ्या पोत्यात काशाची सहा ताटं होती हे मला आज कळतंय.

हाताने घडवलेलं भांडं ओळखायचं तर आतून हात फिरवा. जुना हंडा किंवा मोठा तांब्या दोन तुकडे जोडून केलेला असतो, त्या जोडाची दातेरी रेघ आतल्या बाजूला दिसते, आणि बाहेरून मठारकामाचे, म्हणजे हातोडीने ठोकल्याचे, ठोके एकसारखे वाटले तरी अगदी एका मापाचे नसतात. मशीनवर केलेल्याला आतून गोल गोल चरे असतात. हे तांबट लेनमधल्या एका आजोबांनी माझा हात धरून दाखवलं, वाचून कळलं नसतं.

देवळाली कॅम्पात वेगळाच खजिना आहे. तिथल्या बंगल्यांमधून निघालेले टी सेट, काटे-चमचे भंगारात येतात आणि चकाकतं ते चांदी असं समजून लोक फसतात. मागे इ.पी.एन.एस. असेल तर ती निकेल सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्यावर चांदीचा फक्त मुलामा. खरी इंग्लिश चांदी असेल तर चालत्या सिंहाचा बारीक छाप असतो, तो ९२५ ची, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असल्याची खूण, शेजारी नांगर असला तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असलं तर लंडन. कपबशीवर ऑक्युपाइड जपान लिहिलेलं दिसलं तर ती फेकू नका, महायुद्धानंतर १९५२ पर्यंत जपानवर दोस्त राष्ट्रांचा ताबा होता तेव्हाचा तो माल. मुलामा असलेलं काहीही राख किंवा चिंच-मिठाने घासू नका, मुलामा जातो तो परत येत नाही. कोरलेल्या नावाचं पण तेच, दर सणाला घासून घासून अक्षरं पुसट होतात.

जुनं भांडं बाहेरच्या देशात विकून देतो असं कुणी सांगत असेल तर सावध रहा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षं झालेली वस्तू पुरावशेष धरली जाते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. आमचा तांब्या आत्ताच शंभरीला पोचला.

पुण्यात दिनकर केळकरांनी दारोदार फिरून अशाच रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं. अहमदाबादला विशाला या हॉटेलच्या आवारात सुरेंद्र पटेलांनी १९८१ साली फक्त भांड्यांचं संग्रहालय उभं केलं. आणि तांबटांचं गाव म्हणून ज्याचं नाव त्या आपल्या नाशकात मात्र साधं ओगराळं कुठलं नी वेळणी कुठली हे पुढच्या पिढीला दाखवायला धड जागा नाही, याचं मला खरंच फार वाईट वाटतं. पूर्वीचं ताट म्हणजे काय होतं, मीठ वर मधे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, बाजूला तांब्या-फुलपात्र, ही सगळी मांडणी एका घराच्या भांड्यांसकट एका जागी ठेवली तरी किती कळेल.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, सरकारवाडा तर बाजाराला लागूनच, यापैकी कुठेही दिवाळीच्या आधी दोन रविवार एक टेबल मांडा, तांबट, मोडी वाचणारे, जुन्या चांदीतले जाणकार बसू द्या, लोक भांडं घेऊन येतील, फोटो आणि कोरलेलं नाव वहीत उतरवून घ्या, मग विकायचं तर खुशाल विका. मी टेबलावर दोन्ही रविवारी बसायला तयार आहे. आणि तुमच्या पेपरात आठवड्याला एका जुन्या भांड्याचा फोटो आणि त्यावरचं नाव छापा, कुणाचं तरी नक्की सापडेल.

शेवटी एक. गेल्या दिवाळीनंतर कुणी नाशकात जुना पितळी तांब्या विकत घेतला असेल आणि गळ्याखाली टिंबांच्या अक्षरात सिन्नर, माघ शके १८४६ असं असेल तर कृपया पेपरच्या ऑफिसात कळवा. घेतलेल्या किमतीपेक्षा जास्त देईन. आतेसासूबाई ८९ वर्षांच्या आहेत, त्यांच्या हातात तो द्यायचाय.

आपली एक वाचक,
पंचवटी, नाशिक