घरच्या गणपतीचे फोटो आणि फ्लॅश

संपादक साहेब, नमस्कार. गणपतीत तुम्ही वाचकांचे फोटो छापता, त्यात बऱ्याचदा मूर्ती पांढरीफटक, मागचं सगळं काळोखात, माटवीचं (मूर्तीच्या वर टांगतो त्या चौकटीचं) कवंडळ, म्हणजे ते रानफळ, तर दिसतच नाही, कारण फ्लॅश सरळ समोरून मारलेला. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव उरतो, मागे काय पोचणार? फ्लॅशचं डोकं छताकडे करा सांगतात, पण आमच्या कौलारू घरात वर काळे वासे, तिथून उजेड परत येतच नाही, त्यापेक्षा बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारा (निळ्या नको, बाप्पा निळे दिसतात!). कॅमेऱ्यात आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ८००, शटर १/३० सेकंद ठेवलं तर समईचा उजेडपण येतो. मोबाईलवाल्यांनी फ्लॅश बंदच ठेवावा. आणि तुम्हीपण जरा निवडून छापा की.

एक वाचक, मालवण